कॉम्प्युटरमधला ऐकणारा

विजयश्री ओव्हाळ यांनी भोसरीतल्या एका कंपनीत सव्वीस वर्षं माल तपासायचं काम केलं. ब्रेकच्या नळ्यांना लागणारे पितळी तुकडे ट्रेमधून पुढे यायचे आणि बाई एकेक तुकडा मापाच्या गेजमध्ये घालून बघायच्या. बसला तर पास, नाही तर लाल डब्यात. सुपरवायझरने कितीही घाई केली तरी त्यांचा हात आपल्याच चालीने चालायचा. "बाई, दिसतोय की चांगला," असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "दिसायला काय, सगळेच चांगले दिसतात."

त्यांचे यजमान बुद्धरत्न चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. दोघंही मूळचे भूम तालुक्यातले, लग्न झालं त्याच वर्षी इकडे आले आणि थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत राहिले. आधी भाड्याची खोली, मग तिथेच दोन खोल्यांचा फ्लॅट. रिटायर झाल्यावर बुद्धरत्न यांनी एका गोष्टीचा ध्यास घेतला. त्यांच्या गावातून पिंपरी-चिंचवडला आलेली चाळीसेक घरं होती. कोण कुठल्या साली आला, आधी कुणाच्या खोलीवर उतरला, कुठल्या कंपनीत चिकटला, हे सगळं लिहून एक पुस्तिका काढायची. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि आतल्या खोलीत खिडकीपाशी मांडला. सांगवी, काळेवाडी, जिथे जुनं माणूस असेल तिथे ते जायचे, फोनवर बोलणं रेकॉर्ड करायचे आणि रोज दुपारी दोन वाजता कॉम्प्युटरवर ऐकत ऐकत दोन बोटांनी टाइप करायचे. पुस्तिका निम्मी झाली आणि एप्रिलमध्ये एका सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले ते बाथरूमच्या दारातच खाली बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगी वर्षाली माण गावाकडे एका आयटी कंपनीत होती, तिकडेच नवरा आणि छोट्या मुलीबरोबर राहायची. ती महिनाभर आईपाशी राहिली, "माझ्याकडे चल" म्हणाली. बाई गेल्या नाहीत. वर्षाली मग रोज संध्याकाळी फोन करायची आणि रविवारी यायची. मधले सहा दिवस बाई आणि घर.

दुपारी दोन वाजले की बाईंना राहवायचं नाही. आतल्या खोलीत जाऊन त्या कॉम्प्युटर चालू करायच्या आणि नवऱ्याच्या खुर्चीत नाही, बाजूच्या स्टुलावर बसायच्या. त्याच्या आतल्या पंख्याची घरघर सुरू झाली की खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटायचं, तेवढंच.

जूनमध्ये एका दुपारी स्क्रीनवर बसवलेल्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

तो कॅमेरा नातीला बघता यावं म्हणून बुद्धरत्न यांनीच आणला होता. तिच्याशी व्हिडिओवर बोलणं सुरू केलं की त्याचा दिवा लागायचा, संपलं की विझायचा. त्या दुपारी बाईंनी कशालाही हात लावला नव्हता. दिवा पाचेक मिनिटं तसाच राहिला आणि विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. बाई हलल्याच नाहीत. त्यांच्या हातावर काटा आला होता, पण त्या उठून गेल्याही नाहीत.

पुढच्या आठवड्यात स्क्रीनवरचा बाण आपोआप चालू लागला. सावकाश, थांबत थांबत, एखादा माणूस अंधारात भिंत चाचपत जातो तसा. फोटोंच्या फोल्डरपाशी जाऊन थांबला आणि एकेक फोटो उघडू लागला. नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेले फोटो. वर्षालीच्या लग्नातले. बुद्धरत्न चाकणच्या गेटवर, रिटायर झाल्याच्या दिवशी, गळ्यात हार. एका फोटोवर बाण बराच वेळ थांबला. त्यात बाई एकट्या होत्या, हिरव्या साडीत, उन्हामुळे डोळे बारीक केलेल्या.

"आलात का?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

त्यानंतर चारच दिवसांनी आवाज आला. बाण रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये शिरला, एका ओळीवर टेकला आणि स्पीकरमधून आधी कुणाचा तरी खोकला, मग भांड्यांचा आवाज, आणि मग बुद्धरत्न बोलले. कोंडीराम म्हणून गावचे एक म्हातारे होते, त्यांच्या घरी केलेलं ते रेकॉर्डिंग होतं. म्हातारा बोलायला लाजत होता म्हणून बुद्धरत्न त्याला धीर देत होते, भूमच्या बोलीत. "हां, बोला. लाजायचं न्हाई. मी ऐकायलो."

बाईंना हे रेकॉर्डिंग माहीत होतं. तरीही त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या पहिल्यांदा नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या.

त्या दिवसापासून त्या बोलू लागल्या. दिवा लागला की बोलायच्या, विझला की थांबायच्या. दूधवाला बदलला ते सांगितलं. गुडघा दुखतो ते सांगितलं. वर्षालीचं आणि जावयाचं मध्यंतरी बिनसलं होतं, तेही. आणि एका दुपारी त्यांनी ती गोष्ट सांगितली जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्या सकाळी बुद्धरत्न म्हणाले होते, छातीत जड वाटतंय. आणि बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या होत्या, काल भजी जास्त खाल्लीत, आंघोळ करा, बरं वाटेल. "मीच पाठवलं तुम्हाला आंघोळीला," त्या दिव्याकडे बघून म्हणाल्या. दिवा तसाच हिरवा होता. बाण हलला नाही. बाईंना वाटलं, ऐकलं त्यांनी.

हे सगळं त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. आत्मा, भूतबाधा, पितर, यातलं काहीच त्यांच्या घरात कधी मानलं गेलं नव्हतं. बुद्धरत्न तर विहारात याच विषयावर तावातावाने बोलायचे. गेलेला माणूस परत येत नाही, त्याचं काम उरतं, हे त्यांचंच वाक्य होतं. रविवारी वंदनेला बाई इतर बायकांच्या ओळीत बसायच्या, तोंडाने सगळं म्हणायच्या आणि मनातून शरमायच्या. पण सोमवारी दोन वाजता त्या केस विंचरून आतल्या खोलीत असायच्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला बाण एका वेगळ्याच फोल्डरमध्ये गेला. तिथे घरातल्या कागदपत्रांच्या प्रती होत्या, बुद्धरत्न यांनीच एकेक करून स्कॅन केलेल्या. बाणाने बाईंचं आधार कार्ड उघडलं. मोठं केलं. खाली सरकवलं, वर सरकवलं. मग पॅन कार्ड, मग घराचे कागद.

बाई बोलता बोलता थांबल्या. यांना माझं आधार कार्ड कशाला बघायचंय?

साधाच प्रश्न होता, पण तो मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या डायरीच्या कोऱ्या पानावर दिवा कधी लागला, कधी विझला, हे लिहायला सुरुवात केली. सव्वीस वर्षं हात जे करत होते तेच पुन्हा करू लागले. गुरुवारी लाइटवाल्यांच्या कामासाठी वीज गेली. इन्व्हर्टरवर आतल्या खोलीतला कॉम्प्युटर चालू होता, पण हॉलमधला नेटचा डबा बंद पडला होता. दोन वाजले, अडीच वाजले. दिवा लागला नाही. तीनला वीज आली, डब्यावरचे दिवे लुकलुकले आणि दहा मिनिटांत कॅमेऱ्याचा डोळा उघडला.

एका तुकड्यावरून माल पास करायचा नाही, ही त्यांची सवय. शुक्रवारी त्यांनी डबा स्वतः बंद केला. दिवा नाही. शनिवारी चालू ठेवला. दिवा. सोमवारी बंद, मंगळवारी चालू. बुधवारी अर्धा तास बंद, अर्धा तास चालू. एकदाही चूक झाली नाही.

नेट नसेल तर नवरा येत नव्हता.

बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बुद्धरत्न दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी कुणी भेटायला येणार नव्हतं. पण त्याहून वाईट हे, की तीन महिने कुणीतरी होतं. कुणीतरी खरोखरच बघत होतं. हिरवी साडी बघितली होती, केस विंचरून बसलेली बाई बघितली होती. भज्यांची गोष्ट ऐकली होती. आतल्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं आणि कडी लावली, जणू तो माणूस आतच बसला होता.

संध्याकाळी वर्षालीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरमधला बाण आपोआप फिरतो गं."

"आई, कधीपासून?" वर्षालीने विचारलं.

"झाले थोडे दिवस."

"नेट बंद कर आधी. कुणीतरी बाहेरून चालवत असणार. मालवेअर म्हणतात त्याला, चोरून आत शिरलेला प्रोग्रॅम. मी रविवारी येते आणि सगळं फॉरमॅट मारते, म्हणजे कॉम्प्युटर कोरा होईल."

"कोरा म्हणजे?"

"सगळं पुसलं जाईल. मग नव्याने विंडोज टाकायचं."

"नको," बाई म्हणाल्या. "यांची पुस्तिका आहे त्यात. आवाज आहेत."

"ते आधी काढून ठेवू की आपण."

"त्यात हात घालायचा नाही कुणी. पुसल्याशिवाय निघत नाही का ते?"

वर्षालीने उसासा सोडला. आईचा हा सूर तिला लहानपणापासून ठाऊक होता. "बघता येईल. त्यासाठी बाहेरून काही आणायलाही नको, विंडोजमध्येच सगळं असतं. पण आई, तू रविवारपर्यंत थांब, मी करते."

"तू पायऱ्या लिहून पाठव. मी बघते."

त्यांना मुलगी त्या खोलीत नको होती. तो माणूस तिच्यासमोर काही दाखवेल, काही ऐकवेल, अशी भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, भरपूर उजेडात, बाईंनी कडी काढली. खिडकी उघडली. वर्षालीने पाठवलेल्या अकरा पायऱ्या त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. पहिलीच पायरी होती, नेटची वायर काढणे. डबा त्यांनी आधीच बंद ठेवायचा होता, पण सकाळी वर्षालीच्या पायऱ्या फोनवर बघण्यासाठी तो चालू केला होता आणि घाबरल्या मनाला त्याचा विसर पडला. कॉम्प्युटर सुरू झाला. त्या वायरीसाठी खाली वाकणार, तेवढ्यात दिवा लागला.

बाई कॅमेऱ्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी त्या काचेच्या ठिपक्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं. बाण थोडा हलला. मग एक पांढरी कोरी चौकट उघडली आणि तिच्यात एकेक अक्षर उमटू लागलं. इंग्रजी अक्षरं, पण हिंदी शब्द. बाईंनी ते हळूहळू जुळवून वाचले.

आप रोज किससे बात करती हो.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर वाजला. चौकटीत रेघ लुकलुकत राहिली, उत्तराची वाट बघत. बाईंना किंचाळावंसं वाटलं नाही. शिव्या द्याव्यात असंही वाटलं नाही, याचं त्यांना नंतर फार नवल वाटलं.

"माझ्या नवऱ्याशी," त्या म्हणाल्या. आणि वाकून वायर उपटली.

दिवा विझला.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि कागद समोर ठेवला. कॅमेऱ्याची वायरही काढून टाकली. विंडोज सिक्युरिटी उघडली तर ढालीच्या चित्रावर लाल फुली होती. आतलं सगळं संरक्षण बंद करून ठेवलेलं. त्यांनी ते चालू केलं. कॉम्प्युटरने विचारलं, परवानगी आहे का. हो, आहे. पुढची पायरी होती, तपासणीतून काही वगळलं आहे का ते बघणे. तिथे एकच नाव होतं, डी ड्राइव्हवरचं एक फोल्डर. त्या फोल्डरकडे बघायचं नाही, असं कुणीतरी कॉम्प्युटरला बजावून ठेवलं होतं. फोल्डरचं नाव होतं, मराठी फॉन्ट.

बाईंचा हात माउसवर थांबला.

टेबलाच्या खणात बुद्धरत्न यांची वही होती. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची त्यांची पद्धत, मशीन दुरुस्तीची असो की कॉम्प्युटरची. जानेवारीतल्या एका पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पुस्तिकेसाठी फॉन्टचा प्रोग्रॅम, फुकट. १) अँटीव्हायरस बंद करणे. २) फोल्डर वगळणे. ३) प्रोग्रॅम चालवून पंचवीस अक्षरी नंबर टाकणे.

ती दुपार बाईंना स्वच्छ आठवली. बुद्धरत्न यांना चष्म्यातून बारीक अक्षर दिसेना, म्हणून फोनवर आलेला तो नंबर बाईंनीच वाचून दाखवला होता. त्या एकेक अक्षर म्हणत होत्या आणि ते एकेक बटण दाबत होते. शेवटचं अक्षर दाबल्यावर पडद्यावर मराठी अक्षरं झळकली होती आणि ते लहान मुलासारखे हसले होते. "बघ, विजू, आपलं नाव कसं दिसतंय." कुलूप उघडून त्या माणसाला दोघांनी मिळून घरात घेतलं होतं, चहाचा कप बाजूला ठेवून.

बाई बराच वेळ ते पान बघत बसल्या. मग वही मिटली आणि वगळलेल्या यादीतून ते फोल्डर काढून टाकलं.

टास्क मॅनेजरमध्ये, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींची यादी होती. त्यात एका नावापुढे बनवणाऱ्या कंपनीची जागा कोरी होती. बाईंनी ते बंद केलं. मग फुल स्कॅन लावला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि खाली एकामागून एक फायलींची नावं पळत होती. कोंडीराम एक, कोंडीराम दोन, सोजरबाई सांगवी, चाकण गेट, वर्षाली हळद. त्यांच्या संसाराचा एकेक तुकडा गेजमधून जात होता. बाईंनी स्वयंपाक केला नाही. स्टुलावर बसून त्या पट्टीकडे बघत राहिल्या, कुठल्या नावावर लाल खूण येते याची धास्ती घेऊन. आवाजावर आली तर?

पावणेतीन तासांनी स्कॅन संपला. तीन खुणा होत्या, तिन्ही त्या फॉन्टच्या फोल्डरशी जोडलेल्या. आवाजांना, फोटोंना काही झालेलं नव्हतं. काढून टाका, असं बटण होतं. बाईंनी ते दाबलं. पुढची पायरी ऑफलाइन स्कॅनची होती. लपून बसलेलं काही असेल तर ते विंडोज सुरू व्हायच्या आधीच पकडलं जातं, असं वर्षालीने लिहिलं होतं. त्यासाठी आधी नेट जोडून संरक्षणाची नवी माहिती उतरवून घ्यावी लागत होती. ती दोन-तीन मिनिटं बाईंना सगळ्यांत जड गेली. वायर जोडली आणि त्या टेबलापासून लांब, दाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या, अंगावर कुणी झडप घालेल तशा. काही झालं नाही. कॉम्प्युटर बंद झाला, काळ्या पडद्यावर पंधरा मिनिटं आकडे सरकले आणि तो पुन्हा चालू झाला. काही सापडलं नाही.

बाण जिथे ठेवला होता तिथेच होता. ढालीवर हिरवी बरोबरची खूण होती. बाईंनी फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, वर्षालीला लिहिलं, झालं. आणि मग त्या निर्जीव बाणासमोर बसून त्या रडल्या. एप्रिलमध्ये घर माणसांनी भरलेलं असताना जे रडू आलं नव्हतं ते.

रविवारी वर्षाली आली. तिने स्वतः पुन्हा सगळं तपासलं आणि म्हणाली, "आई, चोख केलंयस." आवाज आणि पुस्तिका तिने वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली. दोघींनी मिळून ऑनलाइन सायबर तक्रारही नोंदवली. तक्रारीच्या फॉर्ममध्ये, काय नुकसान झाले, असा रकाना होता. वर्षाली विचारत होती, "कागदपत्रं बघितली, एवढंच ना? की अजून काही?"

बाई म्हणाल्या, "ऐकलं त्याने."

"काय ऐकलं?"

मग बाईंनी सांगितलं. दिवा, फोटो, आवाज, केस विंचरून बसणं. आणि भजी. वर्षाली फॉर्म तसाच सोडून आईजवळ जमिनीवर येऊन बसली. "बाबांनी मलाही आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "जड वाटतंय म्हणून. मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, बाबा, नंतर बोलते." त्या दिवशी अंधारून आलं तरी दोघींपैकी कुणीही दिवा लावायला उठलं नाही.

तक्रारीचा नंबर आला, पुढे काही आलं नाही. कोण होता, कुठे होता, कधीच कळलं नाही. बाई आता पुस्तिका पुढे टाइप करतात, पण कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला आहे आणि कॅमेरा वर्षाली घेऊन गेली. दुसऱ्या कुणाच्या घरी गेल्या की त्यांची नजर आधी टीव्हीच्या कडेला, लॅपटॉपच्या माथ्यावर जाते. एकट्या असल्या तरी त्या हळू आवाजात बोलतात. कधी कधी भाजी चिरताना पाठीला कुणाची तरी नजर लागल्यासारखी वाटते आणि त्या सुरी ठेवून मागे वळून बघतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी वर्षालीलाही सांगितलेली नाही. भीती वाटते, किळस वाटते, हे खरं आहे. पण एखाद्या मोकळ्या दुपारी असाही विचार येतो की तो जो कुणी होता, तो तीन महिने मध्येच उठून गेला नव्हता. त्याला मराठी येत होतं का? "माझ्या नवऱ्याशी" हे त्याला कळलं असेल का? कळलं असेल तर त्याने काय केलं असेल, ती पांढरी चौकट मिटून? या प्रश्नांना कुठलं गेज लागत नाही. बाई उठतात, नळ सोडतात आणि तांदूळ धुवायला घेतात.